कात्रीच्या अलीकडे

वर्ध्यात खादी दिसली की लोक आधी हात जोडतात, आणि मग वेळ उरला तर कापड पाहतात. या सवयीचा तोटा मला सगळ्यात जास्त फॅशन शोमध्ये जाणवतो. नागपूर-वर्ध्याकडची फॅशनचं शिक्षण घेतलेली पोरंपोरी आता खादी घेऊन रॅम्पवर उतरू लागली आहेत. कधी कॉलेजच्या सभागृहात, कधी एखाद्या लॉनवर, कधी प्रदर्शनाच्या शेवटच्या संध्याकाळी. जमेल तिथे मी जाते. नावं इथे घेणार नाही. हात घडत असताना त्यांच्याबद्दल छापून काही ठरवून टाकू नये. पण निवेदन सगळीकडे एकच असतं. चरखा येतो, बापू येतात, स्वावलंबन येतं, टाळ्या येतात. कपडा मात्र मुकाट्याने चालत येतो आणि तसाच परत जातो. त्याचा पोत कसा, त्याचा रंग कुठून आला, तो खांद्यावरून कसा उतरला, यावर अक्षर नाही. एखाद्या गायकाची ओळख करून द्यावी आणि गाणं चालू असताना गप्पा माराव्यात, तसं हे होतं.

म्हणून इथे कापडाकडे पाहू या. त्यासाठी रॅम्पवर जायची गरज नाही, मगनवाडीत गेलं तरी पुरे. 30 डिसेंबर 1938 रोजी गांधींनी उघडलेलं मगन संग्रहालय तिथे आहे. नाव मगनलाल गांधींचं. खादीची हत्यारं सुधारण्यात त्यांनी आयुष्य घातलं आणि ते 1928 मध्येच गेले. संग्रहालयात तऱ्हेतऱ्हेचे चरखे आहेत, आणि संग्रहालयाच्या समितीतर्फे वनस्पतींच्या रंगांत रंगवलेली खादीही तयार होते. लोक चरख्यांसमोर थांबतात. मी कापडाच्या घड्यांसमोर थांबते.

निळीत रंगवलेल्या खादीची एक घडी घ्या आणि खिडकीपाशी नेऊन उलगडा. ट्यूबलाइटखाली नको, तिथे कुठलीही नीळ मेलेली दिसते. पहिली गोष्ट लक्षात येते ती अशी, की निळा एक नाही. जवळून पाहिलं तर धाग्यागणिक गडद-फिका होत गेलेला दिसतो. याचं कारण कातण्यात आहे. हाताने कातलेलं सूत सारख्या जाडीचं नसतं. पेळूतून कापूस कधी जास्त सुटतो, कधी कमी, आणि पीळ नेहमी बारीक जागी जाऊन बसतो. त्यामुळे बारीक जागा घट्ट होते, जाड जागा सैल आणि मऊ राहते. कापड रंगाच्या माठात बुडतं तेव्हा सैल जागी रंग आतवर शिरतो, घट्ट जागी वरवर राहतो. म्हणजे त्या निळ्या कापडावर जी लहर आपल्याला दिसते ती रंगाऱ्याची नाही. ती कातणाऱ्या बाईच्या बोटांची आहे, आणि रंगाने ती फक्त वाचता येण्याजोगी केली. गिरणीच्या कापडावर हे होत नाही, कारण तिथे वाचायला काही नसतं.

नीळ माठातून बाहेर काढताना हिरवट-पिवळी असते. हवा लागली की डोळ्यांदेखत निळी होत जाते. गडद हवी असेल तर पुन्हा बुडवा, पुन्हा हवा दाखवा. खरा जाणकार कापडाच्या काठाशी पाहतो. तिथे किती वेळा बुडवलं याचा हिशेब थोडा तरी राहून गेलेला असतो.

बाकीच्या रंगांची गोष्ट वेगळी आहे. सुती धागा निळीखेरीज बहुतेक वनस्पतींचे रंग आपणहून धरत नाही. त्याला आधी हिरड्याच्या पाण्यात घालावं लागतं, मग तुरटीत. मंजिष्ठ त्यानंतर लाल होते. डाळिंबाची साल तुरटीवर पिवळी येते आणि लोखंडाच्या पाण्यात गेली की तीच मातकट, शेवाळी होते. हिरड्यावर लोखंड चढवलं की राखाडीपासून काळ्यापर्यंत काय हवं ते. यात रसिकाने टिपायची गोष्ट ही, की त्या प्रत्येक रंगाखाली हिरड्याची एक पिवळट झाक असतेच. म्हणून या रंगांचे कपडे एकमेकांशी भांडत नाहीत. मंजिष्ठेचा लाल, डाळिंबाचा पिवळा आणि लोखंडाचा काळा एकत्र घाला. तळाशी एकच पिवळट सूर असतो. रॅम्पवर ‘सुंदर रंगसंगती’ म्हणून टाळ्या पडतात तेव्हा त्यातला अर्धा वाटा हिरड्याचा असतो. डिझायनरला ते ठाऊक असेल तर उत्तम. नसेल तर ती मधेच रासायनिक राणी रंगाची पाइपिंग लावते आणि सगळं विस्कटतं. हे मी एकदा नव्हे, अनेकदा पाहिलं आहे.

तेव्हा खादीत रचनेचं निम्मं काम कात्री लागण्याआधीच झालेलं असतं. कापूस निवडला तेव्हा थोडं, कातलं तेव्हा बरंच, विणताना पन्हा ठरला तेव्हा थोडं आणि रंगाच्या माठात उरलेलं. डिझायनर येते ती शेवटी. मला पटलेलं एवढंच आहे, की खादीचा चांगला डिझायनर ओळखायचा तो त्याने काय केलं यावरून कमी आणि काय करायचं टाळलं यावरून जास्त.

कापसाचं म्हणाल तर हा जिल्हा पूर्वी त्यासाठीच नावाजलेला. हिंगणघाटची ‘बनी’ ही देशी पऱ्हाटी एकोणिसाव्या शतकात मध्य प्रांतातला सर्वांत उंची कापूस समजली जायची. मऊ, बारीक सुताचा. तो कापूस आज शेतात शोधावा लागतो. 2002 नंतर बीटी वाणांनी सगळं शिवार व्यापलं. त्यामुळे ‘वर्ध्याची खादी’ असं निवेदिका म्हणते तेव्हा त्यातला कापूस कुठल्या वाणाचा, हा प्रश्न मला कायम विचारावासा वाटतो. अजून तरी कुणी सभागृहात उत्तर दिलेलं नाही.

आता कात्रीकडे येऊ. वर्ध्याला फॅशन डिझायनर नवीन नाहीत, हे या पोरांना सांगायला हवं. पहिले खुद्द गांधी. त्यांचे सहकारी काकासाहेब कालेलकर हे सातारचे. वर्ध्यात ते जिथे राहायचे ती जागा काकावाडी म्हणूनच ओळखली जाते. त्यांनी गांधींशी झालेल्या एका बोलण्याची हकिगत लिहून ठेवली आहे. विषय होता पांढरी टोपी कशी सुचली. गांधींनी वेगवेगळ्या प्रांतांची डोक्यावरची वस्त्रं एकेक करून तपासली होती. या उन्हाच्या देशात डोकं झाकायला हवं, पण फेट्याला कापड फार जातं. काश्मिरी टोपीची घडण त्यांना पटली, कारण ती हलकी आणि घडी करून खिशात मावणारी. पण ती लोकरीची, म्हणून कापड सुती केलं. रंग पांढरा, कारण त्यावर घाम आणि मळ दिसतो. दिसला की धुवावा लागतो. आज डिझाइनच्या शाळांत विद्यार्थ्याला वस्तू बेतण्याआधी गरज, सामग्री, खर्च आणि निगा यांची टिपणं काढायला लावतात. इथे ती चारही आहेत. पांढऱ्या रंगामागचं कारण तर मला फार आवडतं. पांढरा म्हणजे शांतता, पांढरा म्हणजे त्याग, अशी व्याख्यानं आपण ऐकतो. टोपीच्या कर्त्याच्या डोक्यात मात्र धुणं होतं.

दुसरे जे. सी. कुमारप्पा. तंजावरचे, लंडनमध्ये हिशेबतपासनीस म्हणून शिकलेले, पुढे कोलंबिया विद्यापीठात गेलेले, आणि 1934 मध्ये वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला तेव्हा त्याचा सगळा डोलारा सांभाळणारे. शिवलेल्या इंग्रजी कपड्यांची सवय असलेला हा माणूस खादीवर आला, पण आपल्या अंगाची नड त्याने नाकारली नाही. धोतर नेसणं त्यांना गैरसोयीचं वाटे. म्हणून त्यांनी स्वतःसाठी ‘धोतीजामा’ बेतला. धोतराचा सैलपणा, पायजम्याची शिलाई. हिशेबतपासनिसाची कात्री ती. कापड वाया घालवणं तिला रुचणारच नव्हतं. धोतीजामा चालला नाही. कुमारप्पांच्या पलीकडे तो फार कुणी घातला नाही, आणि दिसायला तो कसा होता यावर मतभेद होऊ शकतात. पण आज रॅम्पवर ‘धोती पँट’ म्हणून जे येतं त्याच्या कितीतरी आधी हा प्रयोग होऊन गेला हे कुणाच्या गावीही नसतं.

तिसरं उदाहरण पंचाचं. मदुराईत 22 सप्टेंबर 1921 रोजी गांधींनी तो स्वीकारला आणि वर्ध्याजवळच्या सेगावात ते राहायला आले तेव्हा तोच त्यांचा पोशाख होता. पंचाकडे साधेपणाचं चिन्ह म्हणून न पाहता नुसता कपडा म्हणून पाहा. त्याला शिलाई नाही, वाया जाणारं कापड नाही. हातधोट्याच्या मागावर पन्हा विणकराचे हात जिथवर पोचतात तेवढा असतो, आणि पंचाची रुंदी तीच. माणसाच्या हातांनी ठरवलेलं माप माणसाच्या कमरेला बसतं. त्यात एक कमरेला लटकवलेलं घड्याळ, हिवाळ्यात एक चादर, आणि वर्ध्याच्या उन्हाळ्यात डोक्यावर ओला फडका. दागिना फक्त घड्याळाचा. कुठल्याही स्टायलिस्टला हेवा वाटावा अशी ही जुळणी आहे. यंत्राला विरोध करणारा म्हणून जगाला माहीत असलेला माणूस, आणि अंगावर एकच वस्तू ठळक, तीही यंत्र.

ही कमी कमी होत जाणाऱ्या कापडाची गोष्ट पडद्यावर नीट सांगितली ती एका कोल्हापूरच्या बाईंनी. भानू अथैया. 1982 च्या ‘गांधी’ चित्रपटातल्या वेशभूषेसाठी त्यांना जॉन मोलो यांच्यासोबत ऑस्कर मिळालं, 1983 मध्ये. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. तो चित्रपट पुन्हा पाहाल तेव्हा संवाद बंद करून पाहा. दक्षिण आफ्रिकेतला ताठ कॉलरचा वकील. 1915 मध्ये मुंबईत उतरलेला काठेवाडी फेटा आणि अंगरखा. तिथे कापड एकदम वाढतं, अंगावर जणू अख्खा प्रांत बसतो. मग कुडता आणि टोपी. मग पंचा. बेन किंग्स्लींचं शरीर तेच असतं, पण बाह्या गेल्या, कॉलर गेली, खांदे उघडे पडले की चालणं बदललेलं दिसतं. कपड्याने नटाला चालायला शिकवलं. सूट घातलेला माणूस छातीने पुढे येतो, पंचा नेसलेला गुडघ्यांनी. हे अथैयांनी कुठे अधोरेखित केलेलं नाही आणि तेच त्यातलं मोठेपण. वेशभूषाकार आणि फॅशन डिझायनर यांची कामं वेगळी, हे खरं. तरी खादी घेऊन रॅम्पवर जाणाऱ्या प्रत्येकाने हा चित्रपट शिवणकामाचा धडा म्हणून पाहावा.

खादीचे शो तसे जुनेच. डिसेंबर 1936 मध्ये फैजपूरला खेड्यात भरलेलं काँग्रेसचं पहिलं अधिवेशन झालं. तिथली सजावट नंदलाल बोसांनी केली होती, बांबूसारख्या गावच्याच सामानातून, आणि खादी-ग्रामोद्योगांचं प्रदर्शनही होतं. मॉडेल चालत नव्हते एवढंच. त्यानंतर 1989 मध्ये मुंबईत खादी आयोगाने खऱ्या अर्थाने फॅशन शो भरवला. कपडे देविका भोजवानींचे. तिथून खादीवर प्रकाशझोत पडायला लागला तो आजवर आहे. प्रकाशझोत या शब्दाकडे मात्र मी जरा शब्दशः बघते. रॅम्पवरचा दिवा समोरून आणि वरून येतो, आणि खादीच्या पोताला तो मारतो. हाताने विणलेल्या कापडाला उजेड बाजूने हवा, खिडकीचा. तेव्हाच सुताची चढउतार सावली धरते. कुणी आयोजक ऐकत असेल तर दिवे जरा खाली आणि बाजूला घ्या. फुकटात शो दुप्पट चांगला होईल.

टाळायचं काय याचा धडा मी दोन डिझायनरांकडून घेतला, आणि दोघांच्या वाटा एकमेकांच्या उलट आहेत.

वेंडेल रॉड्रिक्स गोव्यात कोलवाळला राहायचे. 2010 मध्ये त्यांनी कुणबी साडी रॅम्पवर आणली. लाल चौकड्यांची ती शेतात राबणाऱ्या बायकांची साडी, तिचं विणकाम जवळजवळ संपलेलं. पुढच्या वर्षी जर्मनीतल्या न्यूरेंबर्गच्या सेंद्रिय मालाच्या जत्रेत ते खादी घेऊन गेले. त्यांच्या कामात शिवण शोधावी लागते. कापड एका खांद्यावरून निघतं आणि तिरकं खाली जातं. मधे काही नाही. पांढऱ्यावर पांढरं. नक्षी नाही, जर नाही. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, यात केलंय काय? मग लक्षात आलं, की कपड्याचा तोल एका टाचणीवर उभा आहे. ती टाचणी दोन बोटं सरकली तर सगळं ओघळून पडेल. कुणबी साडीला त्यांनी नवेपणा दिला, पण चौकडी सोडली नाही. ती राखणं हीच त्यातली कारागिरी. 2020 च्या फेब्रुवारीत ते गेले.

वैशाली षडांगुळे अगदी दुसऱ्या टोकाला. मध्य प्रदेशातल्या विदिशाच्या, घर सोडून निघालेल्या, मुंबईत मालाडला छोट्या दुकानापासून सुरुवात केलेल्या. जुलै 2021 मध्ये पॅरिसच्या ओत कुतूर आठवड्यात आपलं काम दाखवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला डिझायनर ठरल्या. त्यांच्याकडे कापड शांत बसत नाही. हातमागाच्या कापडाच्या दोऱ्या वळून त्या वळणावळणाने बसवत नेतात, इतक्या की अंगावर पोवळ्याचे खडक, मुळं, पाकळ्या उगवल्यासारखं वाटतं. शोचं चित्रीकरण थांबवून थांबवून पाहावं लागतं, कारण मॉडेल चालताना ते सगळं हलतं आणि डोळा कुठे ठेवावा कळत नाही. माझा पहिला आक्षेप असा होता, की दोरी वळली की विण दिसेनाशी होते. मग हातमाग कशाला? पण चंदेरीसारखं हलकं, थोडं करकरीत कापड दोरी झाल्यावरही आपला ताठरपणा सोडत नाही. गिरणीच्या गुळगुळीत कापडाची दोरी केली तर ती नुसती लोंबेल. म्हणजे विण दिसत नसली तरी वागते. हे मला पटायला वेळ लागला, पण पटलं.

आता गंमत अशी, की आमच्याकडची बरीच मुलं दुसरी वाट धरतात, कारण ती फोनच्या पडद्यावर उठून दिसते. वर्ध्याच्या खादीला ती मानवत नाही. जाड सुताच्या खादीची दोरी वळली की ती दावं होते. तिला चुण्या घातल्या की कमरेला गाठोडं बसतं. खाली बकरम आणि आत पॉलिएस्टरचं अस्तर लावलं की तिचा सगळ्यात मोठा गुण, घाम टिपून वाऱ्याला देण्याचा, तिथेच संपतो. वर्ध्याच्या मे महिन्यात तो कपडा घालणाऱ्याला अस्तर कुठे आहे हे दहा मिनिटांत कळतं. या कापडाला रॉड्रिक्सांची वाट जवळची. मोठे, सरळ तुकडे, कमी शिवणी, आणि काठ कापून टाकण्याऐवजी तोच बाहीचा शेवट म्हणून वापरणं. एका शोमध्ये मी असा अंगरखा पाहिला. बाहीला दुमड नव्हती. विणकराने सोडलेला काठच मनगटावर आला होता. निवेदिकेने त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. माझ्या शेजारच्या आजींनी मात्र आपल्या लुगड्याचा काठ चाचपून पाहिला.

आणखी एक गोष्ट मी प्रत्येक शोनंतर पाहते. ती म्हणजे किंमत. खादी महाग का, अशी तक्रार रॅम्पच्या खाली नेहमी ऐकू येते, आणि त्याचं उत्तरही वर्ध्याच्याच इतिहासात आहे. विनोबांनी नालवाडीला स्वतः सूत कातून त्या कमाईवर जगून पाहिलं होतं; कातण्याच्या मजुरीत पोट भरत नाही हे त्यांच्या अंगावर आलेलं गणित होतं. 1935 मध्ये चरखा संघाने कातणाऱ्याला पोटापुरती मजुरी देण्याचं धोरण घेतलं आणि खादीचे भाव चढले. विकणाऱ्यांना तेव्हाही ते रुचलं नव्हतं. आज एखादी डिझायनर अंगरख्याला चार हजार लावते तेव्हा मी नाक मुरडत नाही. त्यातले किती कातणारीकडे गेले, एवढं विचारते. दोघीतिघींनी वही उघडून दाखवली. एकीने सुताच्या गुंड्यांचा भाव, विणाईचा दर, रंगाचा खर्च, शिलाई, सगळं ओळीने लिहिलं होतं आणि आपला नफा शेवटी. अक्षर घाईचं होतं, बेरीज बरोबर होती.

तिच्या पुढच्या शोला जाणार आहे. तोवर तिला एकच सुचवून ठेवलंय: कपडे परत नेण्याआधी अर्धा तास टेबलावर मांड आणि लोकांना हाताळू दे. मळतील म्हणून ती जरा घाबरली. मी म्हटलं, धुता येतात.